छत्रीतली तीन माणसं

युंगह छत्री कारखान्यात एक खोली अशी होती की तिथे छत्री एकही नव्हती. फाटकातून आत आलं की उजव्या हाताला, मालकांच्या खोलीच्या अलीकडे. तिला मानाची खोली म्हणत. तिन्ही भिंतींवर पितळी पाट्या, लाल मखमलीवर चिकटवलेली प्रशस्तिपत्रं आणि फोटो. प्रत्येक फोटोत उजवीकडे मालक रुअन, कमरेत किंचित वाकलेले, आणि डावीकडे कुणीतरी साहेब. करखात्याचे, विजेचे, जमिनीच्या कचेरीतले, बँकेचे. साहेब बदलत, मालकांचं वाकणं तेच राही.

ती खोली शन च्युफन सांभाळायची. रोज सकाळी ओल्या फडक्यानं काचा पुसायच्या, पाहुणे आले की हिरवा चहा द्यायचा, आणि हातात बांबूची काडी घेऊन एकेक फोटो समजावून सांगायचा. अठरा वर्षं तिनं हे केलं. शिवणखात्यातल्या बाया तिला उदबत्तीवाली म्हणायच्या. ती हसायची आणि म्हणायची, "अगं, देव प्रसन्न आहेत म्हणून तर तुमच्या मशिनी चालतात."

च्युफन आमच्या खालच्या मजल्यावर राहते. नवरा निंगपोच्या बंदरावर ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. मुलगी लग्न होऊन हांगचौला गेलेली. घरात ती आणि तिचे वडील. गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी, जिन्यात भेटली तर आधी दुसऱ्याला वाट देणारी बाई. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करायची झाली तरी तीनदा वाचणार आणि मग आडनावच तेवढं लिहिणार. भित्री आहे असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. पण त्या घरात भीती वडिलांकडून आली होती आणि त्यांच्याकडे ती आली त्याला कारण होतं.

वडिलांना गाव मास्तर म्हणतं. शाळेचे नव्हेत, छत्रीचे. कागदी छत्र्या होत्या तेव्हा सहकारी संस्थेत छत्रीवर नाव काढायचं काम त्यांचं. बांबूच्या काड्या, वर तेल पाजलेला कागद, आणि दोन काड्यांच्या मधल्या पट्टीत घेणाऱ्याचं नाव, त्याखाली 'छत्री' हे अक्षर; आमच्या लिपीत एका शब्दाला एकच अक्षर. आमच्या चाओथांगमध्ये नाव नसलेली छत्री म्हणजे चोरीची छत्री असंच समजत. मास्तरांचं अक्षर असं की दोन गावं ओलांडून लोक यायचे.

सदुसष्ट साली त्यांना भिंतीवर क्रांतीच्या घोषणा रंगवायला उभं केलं. शिडी हलली आणि ज्या नेत्याच्या नावाला धक्का लागायला नको त्याच्याच नावात एक फराटा भलतीकडे गेला. पुढचे चार महिने मास्तर गळ्यात पाटी अडकवून बाजार झाडत होते. त्या पाटीवरचा स्वतःचा गुन्हा त्यांना स्वतःच्याच हातानं लिहायला लावला होता, अक्षर चांगलं होतं म्हणून. च्युफन तेव्हा आईच्या पोटात होती. तेव्हापासून मास्तरांनी छत्री सोडून कशावर काही लिहिलं नाही. नवीन वर्षाचे दारावरचे लाल कागदसुद्धा ते छापील आणायचे. मास्तरांच्या दाराला छापील अक्षरं, याचं लोकांना हसू यायचं.

आता मालकांचं सांगते. रुअन मालकांनी पंच्याऐंशी साली सहा शिलाईमशिनींवर कापडी छत्र्यांचं काम सुरू केलं. कारखाना त्यांचा, घाम त्यांचा, पण कागदोपत्री तो गावाचा होता. खासगी म्हटलं की वीज मिळायची नाही, सूत मिळायचं नाही, बँकेचा शिपाईसुद्धा बसा म्हणायचा नाही. म्हणून सगळेच गावाच्या नावाखाली धंदा करायचे. त्याला लाल टोपी घालणं म्हणत. पुढे काळ सैल झाला, टोपी काढून कारखाना स्वतःच्या नावावर करून घेता आला. मालकांनी तो करून घेतला आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. टोपी होती तेव्हा डोक्यावर काहीतरी होतं. आता कुणीही यावं आणि विचारावं की बाबा रे, तू कोण.

मग शहाण्णव साली नवी इमारत बांधल्यावर त्यांनी ठरवलं की फाटकावरची पाटी तालुक्याच्या पक्षसचिवांच्या हस्ताक्षरात हवी. तेव्हा सचिव होते ताओ साहेब. त्यांना कुंचल्याचा नाद. माध्यमिक शाळेच्या आणि नव्या पुलाच्या पाटीवर त्यांचंच अक्षर होतं. ज्या फाटकावर सचिवांचं अक्षर त्या फाटकातून तपासणीवाला जरा जपून आत येतो, हे सगळ्यांना ठाऊक. मालक चारदा कचेरीत जाऊन आले. दर वेळी साहेबांचा कारकून म्हणाला, बघू. मालकांनी बघूचा अर्थ हो असा घेतला आणि आमंत्रणं छापून टाकली: सचिवांच्या हस्ताक्षरातल्या नामफलकाचं अनावरण. समारंभाला तीन दिवस उरले आणि कारकून म्हणाला, साहेब बैठकीसाठी प्रांताच्या ठिकाणी गेलेत, महिनाभरानं या.

च्युफनला कारखान्यात लागून तेव्हा दोन महिने झाले होते, तेही कच्चं काम. मालक तिच्या तेव्हाच्या बैठ्या घरी आले. शाळेच्या पाटीचा फोटो त्यांच्या हातात होता. त्यांनी मास्तरांसमोर तो ठेवला. मास्तरांनी फोटो पाहिला, उठले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. मालक च्युफनकडे बघत राहिले.

"बाबांना मीच राजी केलं," हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढे कितीतरी वेळा ऐकलं. गच्चीवर राईची पानं वाळत घालताना, शेंगा सोलताना. ती अंगणात गेली आणि वडिलांना म्हणाली की माझी नोकरी पक्की होईल, मुलीची शाळा होईल, आणि छत्रीच्याच कारखान्याची पाटी आहे, म्हणजे छत्रीवर लिहिल्यासारखंच. मास्तर एवढंच म्हणाले, सही करणार नाही, शिक्काही मारणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून त्यांनी चार अक्षरं काढली. युंग, ह, छत्री, कारखाना. कागद वाळल्यावर च्युफननं तो टोपलीत, कोबीच्या खाली ठेवून नेला.

पाटी चढली, फटाके वाजले. सही का नाही असं कुणी विचारलं नाही. मोठी माणसं कधीकधी करत नाहीत, असं लोकांनी स्वतःच ठरवलं.

खरी भीती तीन वर्षांनी आली. ताओ साहेब स्वतः कारखाना बघायला येणार असं कळलं. मालकांनी पाटी धुवायच्या निमित्तानं उतरवायचा विचार केला, पण नसलेल्या पाटीबद्दल साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं. गाडी आली. साहेब उतरले आणि फाटकाखाली थांबून त्यांनी मान वर केली. च्युफन फुलांचा गुच्छ घेऊन उभी होती. ती सांगते, तेवढ्या वेळात गुच्छातली फुलं तिच्या हातात चुरगळली होती. साहेब पाहत राहिले, पाहत राहिले. मग सोबतच्या लोकांकडे वळून म्हणाले, "तेव्हा हाताला जोर होता. आता असं जमत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटीखाली फोटो निघाला. तोच मानाच्या खोलीत समोरच्या भिंतीवर मधोमध लागला, आणि त्या एका फोटोवर कारखान्यानं पंधरा वर्षं काढली. विजेची लाईन वेगळी मिळाली, मागची जमीन मिळाली, मालक तालुक्याच्या सल्लागार मंडळावर गेले. ताओ साहेब जिल्ह्याला गेले, तिथून प्रांताला. ते जितके वर चढत तितकी च्युफनची काडी त्या फोटोपाशी जास्त वेळ थांबे.

दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, कारखान्याच्या भोजनगृहात सगळ्यांचे फोन एकदम वाजल्यासारखे झाले. बातमी एका ओळीची होती. ताओ यांच्याविरुद्ध पक्षशिस्तीच्या गंभीर भंगाबद्दल चौकशी सुरू. साहेब हा शब्दही त्यात नव्हता. इतक्या माणसांच्या भोजनगृहात नुसता जेवणाच्या काड्यांचा आवाज राहिला.

मालक तिच्या मागोमाग मानाच्या खोलीत आले आणि म्हणाले की तो फोटो काढा. तिनं काढला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, पंधरा वर्षांचा. तो झाकायला तिनं जे हाताला लागलं ते लावलं: स्वच्छ भोजनगृहाचं प्रमाणपत्र. ते फोटोपेक्षा लहान निघालं. चारी बाजूंनी पांढरी पट्टी दिसत राहिली. पाटीचं काय, असं तिनं विचारलं. मालक म्हणाले, पाटीला हात लावू नका, अख्खं गाव बघतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. मालकांना न्यायला आलेली माणसं इतकी सभ्य होती की भीती त्याचीच वाटली. त्यांनी मालकांना रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला लावल्या, कोट घालायला लावला. जाताना मालक च्युफनकडे बघून थांबले आणि म्हणाले, "माझ्या टेबलावरच्या झाडाला पाणी घालत जा." त्यांच्या टेबलावर झाड नव्हतं. पाटीबद्दल बोलू नये हेच त्यांनी सांगितलं होतं, एवढं तिला कळलं.

दोघंजण मागे राहिले. त्यांतला वरिष्ठ लिआन साहेब, उत्तरेकडचा, शब्दाच्या शेवटी जीभ वळवून बोलणारा. ते मानाच्या खोलीतच बसले. च्युफननं सवयीनं चहा केला. त्या खोलीत आलेला प्रत्येक साहेब तिच्या हातचा चहा प्यायला होता. या दोघांनी आपापले थर्मास काढले आणि गरम पाणी प्यायले. तिचे कप वाफ जाईपर्यंत तसेच राहिले. हे सांगताना तिचा आवाज आजही खाली जातो.

लिआन साहेबांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं, सभोवतालच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं.

"इथे कोण होतं?"

ती म्हणाली की ताओ. साहेब म्हणायचं की नाही ते तिला ठरवता आलं नाही.

"छत्र्या बनवता, आणि धरून उभ्याही राहता," तो सोबतच्याला म्हणाला. सोबतचा हसला नाही. भ्रष्ट साहेबाला आजकाल पेपरात संरक्षक छत्रीच म्हणतात, त्यामुळे आमच्या गावाला त्या दिवसांत असले टोमणे फार ऐकावे लागले.

मग त्यानं खरं विचारलं. पाटी लिहून दिल्याबद्दल ताओला काय दिलं? ती म्हणाली, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, ठाऊक नाही की दिलं नाही? ती टेबलावरचे कप सरळ करू लागली. तेव्हा त्यानं कागद उलटला आणि शांतपणे सांगितलं की ताओनं स्वतः कबूल केलंय. जिथे जिथे अक्षर दिलं तिथे तिथे पाकीट घेतलं, त्या यादीत सातवं नाव युंगहचं आहे. फक्त मालकच नाही म्हणतोय, आणि नाही म्हणण्याचं कारण देत नाही. अशानं तो बराच काळ आत राहील.

च्युफन घरी आली तेव्हा मी जिन्यातच होते. तिचा चेहरा पाहून तिला हाताला धरून वर माझ्या घरात नेलं. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा हे सगळं सांगितलं, खिडक्या लावून आणि नळ सोडून. पाटी ताओनं लिहिलीच नव्हती. जे लिहिलं नाही त्याचं पाकीट कसलं? पण त्या माणसानं इतक्या वर्षांपूर्वी खोटी वाहवा स्वीकारली होती आणि आता त्याला स्वतःलाही आठवत नसेल की कुठलं अक्षर आपलं आणि कुठलं नाही. तिनं तोंड उघडलं तर मालक सुटतील. पण मग विचारतील, लिहिली कुणी? सचिवाच्या अक्षराची नक्कल, त्या नकलेच्या जोरावर जमीन आणि वीज. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला घरातून घेऊन जातील. कोट घालायला लावतील.

"एकदा पाटी गळ्यात घालून झालीय त्यांची," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मी घालायची का?"

मी तिला गप्प राहायचा सल्ला दिला. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती. माझ्या घराच्या खाली ते घर होतं.

ती गप्प राहिली. पाच दिवस. कारखान्यात जायची, काचा पुसायची. शिवणखात्यातल्या बाया आता तिला उदबत्तीवाली म्हणत नव्हत्या, तिच्या शेजारी बसतही नव्हत्या. घरी आली की ती भांडी घासलेलीच पुन्हा घासायची. रस्त्यावर गाडीचं दार लागलं की हात थांबायचा. वडिलांना तिनं काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या गावात न सांगितलेली गोष्ट चहाच्या दुकानात सगळ्यांत आधी पोचते. मास्तर रोज तिथे जायचे.

सहाव्या दिवशी सकाळी ती उठली तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, शाई घोटलेली, आणि मास्तर कुंचला घेऊन बसलेले. पाटीवरची चारही अक्षरं त्यांनी पुन्हा काढली होती. तिनं कागद ओढायला हात पुढे केला.

"थांब," ते म्हणाले. "छत्रीत माणसं किती?"

छत्रीचं जुनं अक्षर म्हणजे चित्रच आहे. वर छप्पर, मधे दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं बसलेली. चार माणसं. शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. च्युफन म्हणाली, चार.

"मोज."

तिनं मोजली. डावीकडे दोन, उजवीकडे एक. तीन. तिला वाटलं, वयामुळे एक राहिलं. मास्तरांनी कपाटावरून कापडात गुंडाळलेली कागदी छत्री काढायला लावली, तिच्या आजीच्या नावाची. ती उघडली. आजीच्या नावाखालच्या छत्रीतही माणसं तीनच.

मग त्यांनी सांगितलं. दोन काड्यांमधली कागदाची पट्टी वर जाताना अरुंद होत जाते. चौथं माणूस बसवायला गेलं तर ते काडीवर चढतं आणि शाई फुटते. म्हणून संस्थेतले नाव काढणारे सगळेच तीन माणसं काढायचे. हाताला तीच सवय. पाटीचा कागद लांबरुंद होता, चार काय दहा बसली असती, पण त्या सकाळी भीतीनं डोकं रिकामं झालं होतं आणि हात आपल्या सवयीनं चालला. पाटी चढल्यावर त्यांना चूक दिसली. तीन दिवस ते जेवले नव्हते. कुणीतरी मोजेल म्हणून अठरा वर्षं ते त्या रस्त्यानं गेले नव्हते. अठरा वर्षांत कुणीही मोजली नाहीत. च्युफननंही नाही, जिनं त्या फोटोची काच रोज पुसली.

"ताओ शिकलेला माणूस," मास्तर म्हणाले. "तो चार काढील. चला, मला घेऊन चल."

ती रडली, नको म्हणाली, पाय धरले. मास्तर कोट घालून दारात उभे राहिले. त्यांनी दाराजवळ एक पिशवीही भरून ठेवली होती: दोन गंजिफ्रॉक, दातांचा ब्रश, वाळवलेल्या राईच्या पानांचा डबा.

तिनं त्यांना विजेच्या दुचाकीवर मागे बसवलं. मी गच्चीवरून पाहिलं. मास्तर एका हातानं तिला धरून होते आणि दुसऱ्या हातात ती कापडात गुंडाळलेली छत्री, काखेत पिशवी. चौकशीची माणसं उतरली होती त्या तालुक्याच्या विश्रामगृहापर्यंत अर्ध्या तासाचा रस्ता. ती सांगते, दोनदा तिनं गाडी थांबवली आणि दोनदा वडिलांनी पाठीवर बोट टोचून ती पुढे घ्यायला लावली.

लिआन साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरांनी कुंचला मागितला, तो मिळाला नाही, म्हणून पेननं काढून दाखवलं. पेननंही तीनच. छत्री उघडून टेबलावर ठेवली. सोबतच्या माणसानं पाटीचा फोटो आणला, बोट लावून मोजलं, मग बाकीच्या सहा पाट्यांचे फोटो आणले. तालुक्याच्या छत्री संग्रहालयाच्या पाटीवर ताओचं अस्सल अक्षर होतं. चार माणसं, ठसठशीत.

"आजोबा," लिआन साहेब म्हणाले, "सचिवाच्या अक्षराची नक्कल केलीत, याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

मास्तर खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनी सरळ बघून सांगितलं.

"मी नाव काढणारा माणूस. जे नाव सांगतील ते काढतो. मला सांगितलं युंगह छत्री कारखाना, मी युंगह छत्री कारखाना काढलं. सचिवांचं नाव पाटीवर कुठे आहे ते दाखवा."

लिआन साहेबांनी फोटो पुन्हा उचलला. सही नव्हती. शिक्का नव्हता. शेवटी त्यानं थर्मासचं झाकण लावलं आणि जरा चिडूनच म्हणाला, "त्यानं कबूल करून अंगठा दिलाय. आता मी जाऊन त्याला सांगू का, की हे तुझं पाप नाही?"

घरी जा, असं त्यानं सांगितलं. कुणाशी बोलू नका, गाव सोडू नका, बोलावलं तर या. छत्री ठेवून घेतली.

बोलावणं आलं नाही. पण येणार नाही असंही कुणी सांगितलं नाही, आणि ते दिवस आधीच्या पाच दिवसांपेक्षा वाईट होते. मास्तरांची पिशवी दाराशीच राहिली. च्युफन रोज सकाळी त्यातला डबा बदलायची, पानं मऊ पडू नयेत म्हणून. जिन्यात पावलं वाजली की दोघं जेवता जेवता थांबायचे. मी वर जाताना मुद्दाम खोकत जायची, म्हणजे त्यांना कळावं की मीच आहे.

एकोणिसाव्या दिवशी रुअन मालक परत आले. कोट सैल झाला होता. कोणत्या कागदावर काय लिहिलं गेलं, यादीतलं सातवं नाव खोडलं की राहिलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि च्युफननं विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात पाटी उतरली. नवी आली ती छापील अक्षरांची, पोलादी. त्यात छत्रीचं अक्षर नवं, सुटसुटीत, माणसं नसलेलं. आजीची छत्री मात्र परत आली नाही. मास्तरांनी पिशवी रिकामी केली ती थेट नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी.

मला वाटलं, संपलं. वसंतात मालकांनी मानाची खोली रिकामी करायला लावली. फोटो पेट्यांत गेले. भिंतींना लाल रंग दिला, विळा-हातोडा लावला, खुर्च्या मांडल्या. कारखान्याची स्वतःची पक्षशाखा स्थापन झाली होती, आता ही तिची खोली. किल्ली पुन्हा च्युफनकडेच. तालुक्याचे नवे सचिव मे महिन्यात भेट देणार असं ठरत होतं. तेही, म्हणे, कुंचला धरतात.

एका दुपारी ती खुर्च्या पुसत असताना मालक आत आले. समोरची भिंत मधोमध मोकळी ठेवली होती. ते तिकडे बघत उभे राहिले. मग तिच्याकडे न बघता, हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाले, "मास्तरांचा हात कसा आहे हल्ली?"

च्युफननं फडकं पिळलं आणि उत्तर दिलं, "थरथरतो हो, मालक. चमचासुद्धा धरवत नाही."

"अरेरे," मालक म्हणाले. "काळजी घ्या त्यांची." आणि तरीही ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

त्याच सकाळी मास्तरांनी माझ्या नव्या छत्रीच्या कापडावर माझं नाव काढून दिलं होतं. एकाही फराट्याला कंप नव्हता. च्युफन संध्याकाळी आली ती आधी माझ्याकडे, आणि ती छत्री कपाटात आत ठेव म्हणाली. मग खाली जाऊन तिनं वडिलांना मालकांचा प्रश्न सांगितला आणि आपलं उत्तरही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे चहाच्या दुकानात गेले. मी भाजी घेऊन येत होते, दारातून दिसलं. दुकान भरलेलं होतं, कारखान्याचा चौकीदारही तिथे होता. मास्तरांनी कप उचलला आणि त्यांचा हात थरथरू लागला. अर्धा चहा टेबलावर सांडला, थोडा कोटावर. दुकानदारीण फडकं घेऊन धावली आणि म्हणाली, अगोबाई, काका, कधीपासून हो हे? मास्तरांनी मान हलवली, डावा हात उजव्यावर ठेवून तो दाबून धरला आणि चौकीदाराकडे बघून जरा लाजल्यासारखे हसले.